बुधवारची बॅटरी

७ जानेवारी २००७, रविवार

आज यज्ञेशने शेवटची वायर जोडली आणि घर उन्हावर चालू झालं. ही वही त्यासाठीच काढली आहे. सबस्टेशनात ऑपरेटर होतो तेव्हा तासातासाला लॉगशीट भरायचो. निवृत्त झाल्यापासून हाताला तेवढंच चुकल्यासारखं वाटत होतं.

छपरावर दक्षिणेकडे तोंड करून आठ पॅनेल. मागच्या खोलीत चार बॅटऱ्या आणि माजघराच्या भिंतीवर पेटी. कुठली वीज कधी वापरायची ते पेटी ठरवते. ऊन असेल तर आधी ऊन. उरेल ते बॅटरीत. ऊन पुरलं नाही तर वीज मंडळाची लाइन, आणि लाइनही गेली तर बॅटरी. एक नियम मात्र मी स्वतः बसवून घेतला. दिवसा मंडळाच्या विजेवर बॅटरी चार्ज करायची नाही, रात्री दहानंतरच. डोक्यावर एवढं ऊन असताना लाइनीपुढे हात कशाला पसरायचा? यज्ञेश म्हणाला, "काका, तो पर्याय चालू राहू दे, असावा हाताशी." तो रत्नागिरीचा तरुण इंजिनिअर आहे, हुशार आहे, पण उन्हावर त्याचाच विश्वास नाही.

हे सगळं पद्मजासाठी. तिची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुमत असतं आणि नळी तिच्या नाकाला. थोडा वेळ शांत बसून राहिली तर नळीवाचून चालतं, फार वेळ नाही. मशीन विजेवर चालतं, आणि गुहागरात वीज दुपारी जाते ती पाचला येते, पुन्हा संध्याकाळी सहाला जाते. म्हणून मशीनची लाइन मी वेगळी काढली, थेट बॅटरीवरून. एक सॉकेट पलंगाशी, एक जोडसॉकेट न्हाणीच्या दाराबाहेर, म्हणजे आंघोळीच्या वेळी मशीन तिकडे लावता येईल.

मुकुलला हे पटलेलं नाही. तो लोट्याला कंपनीत केमिस्ट आहे, राहतो चिपळूणला. दिवाळीत पॅनेलचा बेत ऐकून म्हणाला, आईला तिकडे नेऊ या, हॉस्पिटल हाकेवर आहे. मी म्हटलं, तुझ्या दोन खोल्यांत ती गुदमरेल, इथे समुद्राची हवा आहे. तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला आईला सांभाळायचं नाहीये. तुम्हाला तुमचं सबस्टेशन परत हवंय." मी त्याला अंगणातून चालता हो म्हटलं. तो सूनबाईला आणि नातीला, ओवीला, घेऊन गेला. ओवीच्या हातात अर्धी करंजी होती. तेव्हापासून तो आलेला नाही.

संध्याकाळी लाइन गेली आणि मशीनचा आवाज जराही बदलला नाही. पद्मजाला म्हटलं, बघ. ती म्हणाली, "छान झालं. आता तुम्हाला परत नोकरी लागली."

१४ जानेवारी, रविवार

पेटीवर पाच हिरवे दिवे आहेत. पाचही लागले म्हणजे बॅटरी भरली. दुपारी बारालाच पाच लागतात आणि पुढची सगळी वीज फुकट जाते. यज्ञेश म्हणतो, परदेशात उरलेली वीज खांबावर परत ढकलतात, मीटर उलटा फिरतो. आपल्याकडे मीटर उलटा फिरला तर पहिल्यांदा पोलीस येतील.

पद्मजाने तिळगूळ केला. एक डबा वेगळा भरून ठेवला. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

२५ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस मळभ होतं. आंब्याच्या मोहोराचं काय होईल ते होईल, माझ्या बॅटरीचं काल झालं. संध्याकाळी एक दिवा उरला आणि पेटी ओरडायला लागली. अडीअडचणीला ठेवलेला सिलिंडर लावला, तो लाइन येईपर्यंत पुरला. पण रिकामा सिलिंडर घरात ठेवून कसं चालेल? भरून मिळतो तो चिपळुणात. मी स्कूटरवर आणू शकत नाही. इलाज नव्हता, मुकुलला फोन केला. "सिलिंडर लागेल," एवढंच म्हणालो. "उद्या सुट्टी आहे, आणतो," एवढंच तो म्हणाला.

त्याच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी असते. आज मित्राची जीप घेऊन आला. ओवीला आणलं होतं. माझ्याशी सिलिंडरपुरतं बोलला. पण पद्मजा दोन तास ओटीवर बसली, ओवीकडून बालवाडीची गाणी ऐकली, तिळगुळाचा डबा तिच्या हातात दिला. जेवताना भाकरी पुरी संपवली. बऱ्याच दिवसांनी तिच्या ओठांना रंग दिसला. समुद्राची हवा लागू पडतेय असं दिसतं.

रात्रीचं आवरताना तिने विचारलं, "बॅटरी संपली की प्रत्येक वेळी सिलिंडर लागणारच का?"

मी म्हटलं, "काळजी करू नकोस, पुन्हा संपणार नाही."

"नाही, मी आपलं विचारलं. किती दिव्यांवर तुम्ही सिलिंडर काढता?"

मी तिला पेटीपाशी नेऊन सगळं समजावलं. दोन दिव्यांपर्यंत मशीन निर्धास्त चालतं. दोनावर आलं की सिलिंडर लावून ठेवायचा, एकावर पेटी ओरडते. इतक्या वर्षांत तिने माझ्या कामातलं काही विचारलं नव्हतं. बरं वाटलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

काल स्वच्छ ऊन होतं. एकला पाच दिवे बघून वाचनालयात गेलो. बुधवारी तिथे नवी साप्ताहिकं येतात. साडेपाचला परत येऊन बघतो तर दोन दिवे. संध्याकाळी पुन्हा सिलिंडर काढावा लागला आणि पुन्हा मुकुलला फोन.

आठ पॅनेल, कोरं करकरीत ऊन, आणि दोन दिवे. मशीन एवढं खात नाही. मधे कुठेतरी वीज जातेय. तीस वर्षं विजेचे फीडर सांभाळले आहेत मी. वीज आपोआप जात नाही, कोणीतरी नेतं.

यज्ञेशला बोलावलं. त्याने बॅटऱ्यांतलं पाणी पाहिलं, सगळे जोड तपासले. म्हणाला, "सिस्टीम उत्तम आहे काका. दुपारी कोणी काही मोठं चालवलं का? इस्त्री वगैरे?" मी म्हटलं, घरात एक आजारी बाई आहे, ती काय इस्त्री करत बसणार? त्याने पेटीचं झाकण लावलं. जुन्या बॅटऱ्या नव्या म्हणून गळ्यात मारल्या नसतील ना, अशी शंका येऊन गेली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

काल परत. आज परत जीप. ओवीने अंगणभर खडूने घरं काढली आहेत.

आता नीट विचार करायला हवा. दर वेळी बुधवार. दर वेळी दुपारी, लाइन गेलेली असताना, मी वाचनालयात असताना. चोराला माझं वेळापत्रक ठाऊक आहे. घरात त्या वेळी पद्मजाखेरीज फक्त आवडाबाई असते.

आवडाबाई खारवीवाड्यातली. सकाळी मासळी विकते आणि दुपारी आमच्याकडे भांडी-केर करून पद्मजापाशी बसते. वर्षभर येतेय, बोटभर वस्तू हललेली नाही. पण तिचा नवरा शिवा होडीचं इंजिन दुरुस्त करतो. इंजिनाला बॅटरी लागते आणि बॅटरीला चार्जिंग. आमच्या वाडीच्या दगडी गडग्यापलीकडूनच त्यांची पाणंद जाते. वाडीतल्या पंपासाठी मी बाहेर एक सॉकेट काढला होता, तोही याच लाइनीवर. आज तो सॉकेट काढून टाकला.

पद्मजाला म्हटलं, आवडाबाईवर जरा लक्ष ठेव. ती म्हणाली, "ठेवते." मग म्हणाली, "बुधवारी तुम्ही मात्र वाचनालय चुकवू नका. घरात बसून डोकं फिरेल तुमचं."

२२ फेब्रुवारी, गुरुवार

काल वाचनालयात गेलोच नाही. जातो म्हणून निघालो आणि मागच्या वाटेने वाडीत येऊन पोफळींच्या आड बसलो, मागच्या दारावर नजर ठेवून. आवडाबाई तीनला रिकामी बादली घेऊन आली. मी दिसताच दचकली. "काका, तुमी हंय काय करताव?" म्हटलं, शिंपणं बघतोय. तिने आत जाऊन पद्मजाला सांगितलं असणार, कारण लगेच पद्मजाची हाक आली, बाहेर का बसलात म्हणून.

संध्याकाळी पाच दिवे. पाच. म्हणजे पाळत लागली हे चोराला कळलं.

फोन करायची वेळ आली नाही. आज गुरुवार शांत गेला. मी खुशीत होतो, पण पद्मजा भातावरून हात फिरवून उठली. तब्येत खाली-वर होतच राहणार, डॉक्टरांनी सांगितलं होतंच.

१ मार्च, गुरुवार

काल वाचनालयातून मुद्दाम लवकर निघालो. पाणंदीत शिवा समोरून आला, खांद्यावर बॅटरी. मी त्याला तिथेच उभा केला.

"कुठून चार्ज करून आणलीस?"

"पेट्रोल पंपावरून, काका. नाक्यावरच्या."

"लाइन नाही तर पंपावर कशी चार्ज झाली?"

"त्यांचा जनरेटर हाय की." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने बॅटरी खाली ठेवली. "तुमी काय इचारताव तां माका समाजला. वहिनींच्या मशीनची वीज मी नेन? माजी आय दमेकरी होती, काका."

घरी आलो तर पेटीवर दोन दिवे. मग माझा तोल गेला. आवडाबाई बादली घेऊन मागच्या दाराने निघत होती. मी तिला विचारलं, दर बुधवारी तुझा नवरा इथे काय करतो? तिने बादली खाली ठेवली. बादलीतल्या पाण्याला वाफ होती.

"हे गरम पाणी कुठलं?"

"वहिनी देतात. सासूच्या गुडघ्यांना शेकायला."

बंब पेटवला असेल, मी म्हटलं, त्याचं काही नाही. मी विजेचं विचारतोय. आवडाबाई आत बघत राहिली. दारात पद्मजा आली होती, नळी ताणून. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. पद्मजा काही बोलायला तोंड उघडत होती, तेवढ्यात आवडाबाईच म्हणाली, "काका, माजा घोव चोर नाय. मी उद्यापासून येनार नाय. वहिनी, जपा."

बादली तिथेच ठेवून गेली. पद्मजा रात्रीपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

४ मार्च, रविवार

होळी झाली. खारवीवाड्यातून ढोल ऐकू येत होते. दर वर्षी शिमग्याला आवडाबाईच्या घरून पद्मजाला नारळ येतो. या वर्षी आला नाही. केर मीच काढतो. दुपारी पद्मजापाशी कोणी नसतं.

८ मार्च, गुरुवार

आवडाबाई नाही, शिवा नाही, बाहेरचा सॉकेट नाही, मागच्या खोलीला कुलूप. आणि काल दोन दिवे.

म्हणजे ते दोघं नव्हते. मग याचा फायदा कोणाला? पॅनेल निकामी आहेत, बाबांच्याने होत नाही, हे सिद्ध झालेलं कोणाला हवंय? तो तर दर गुरुवारी हजर असतो. मी फोन केला की पुढचा प्रश्न नाही, कुरकुर नाही. सिलिंडर भरून तयारच.

आज मुकुल आला तेव्हा त्याला जीपपाशीच गाठलं. ओवी आत आजीकडे पळाली होती.

"सिलिंडर भरायला चिपळुणात दुपार जाते. तू सकाळी नऊला इथे कसा पोचतोस?"

"बुधवारी भरून ठेवतो."

"माझा फोन यायच्या आधी?"

"बाबा, बुधवारी फोन येतो हे आता मलाही कळायला लागलंय."

"कसं कळतं ते सांग ना. यज्ञेशशी तुझं बोलणं होतं का? पेटीत काय करून ठेवलंयत तुम्ही? आईला न्यायचं म्हणून तिचा श्वास कोंडायचा?"

तो थंड उभा राहिला. मुकुल रागावला की आवाज चढवत नाही, ते त्याने माझ्याकडून घेतलं नाही. म्हणाला, "मी आईचा श्वास कोंडतो." प्रश्न नव्हता तो. जीपमधून सिलिंडर काढला, उचलून ओटीवर ठेवला. आत जाऊन ओवीला घेऊन आला. ती रडत होती. जाताना म्हणाला, "सिलिंडर लागला तर यापुढे यज्ञेशला सांगा. तो आणेल."

पद्मजाने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं रागावेल. पण तिने माझ्याकडे कुणी परका पाहावा तसं पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला खरंच असं वाटतं?"

मी म्हटलं, दुसरं काही सुचत नाही.

१५ मार्च, गुरुवार

काल दोन दिवे. सिलिंडर वापरला, रिकामा झाला.

पद्मजाने विचारलं, "फोन केलात?"

"नाही."

"करा ना."

"यज्ञेशला केलाय. तो पुढच्या आठवड्यात आणेल."

ती जेवली नाही.

२३ मार्च, शुक्रवार, ग्रामीण रुग्णालय

इथल्या बाकावर बसून लिहितोय. परवाचं लिहायला आज हात धजावला.

परवा बुधवारी दुपारी वाचनालयात होतो. तिथे कोणीतरी सांगत आलं, बाजारातला ट्रान्सफॉर्मर जळला, लाइन उद्यापर्यंत येत नाही. मी उठलोच. उद्यापर्यंत म्हणजे पूर्ण रात्र बॅटरीवर, आणि सिलिंडर रिकामा. मनात हिशेब केला, पाच दिवे असतील तर पंखे-दिवे बंद ठेवून निभेल.

घराचं दार लोटलेलं होतं. पेटी ओरडत होती. पलंग रिकामा. मशीन ओढत न्हाणीच्या दाराबाहेर आणलेलं. त्याच्या शेजारच्या सॉकेटमधे पाणी तापवायचा जुना रॉड लावलेला, आणि रॉड बादलीत. पाणी उकळत होतं. त्याच्यापलीकडे न्हाणीत पद्मजा फरशीवर बसलेली, भिंतीला टेकून. दुसरी बादली आडवी झालेली आणि सगळीकडे गरम पाणी. नळी तिच्या नाकातून निघाली होती. ओठ जांभळाच्या रंगाचे.

आधी रॉडचं बटण बंद केलं. ओली फरशी, उकळतं पाणी, वर विजेचा रॉड. माझ्यादेखत एक हेल्पर असाच गेला होता. मग तिला नळी लावली. मशीन दोन मिनिटं घुमलं आणि थांबलं. पेटीने बॅटरीचं कनेक्शन तोडलं.

तिला धरून बसलो होतो. ती काही बोलायला बघत होती, मी म्हटलं बोलू नकोस. फोन करून रुग्णालयाची गाडी मागवायची, तर गाडी शृंगारतळीला गेलेली. मग तिला भिंतीला उशी लावून बसवलं आणि गडग्यावरून उडी मारून पाणंदीतून धावलो. साठी उलटल्यावर कोणी असं धावत नाही. शिवाचं घर जवळ होतं, आणि मासळीचा टेम्पो दारात उभा होता.

मी काय बोललो आठवत नाही. शिवाने जेवणाचं ताट सारलं. आवडाबाई माझ्याकडे न बघता पुढे धावली. मी पोचेपर्यंत तिने पद्मजाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शिवाने तिला पोरीसारखी उचलली. टेम्पोत बर्फाच्या पेट्या होत्या, त्या त्याने लाथेने बाहेर ढकलल्या.

इथे सिलिंडर होता. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

२४ मार्च, शनिवार

आज तिला बोलता आलं. मी विचारलं नाही, तीच म्हणाली.

"पहिल्यांदा मळभ होतं, ते खरं संपलं होतं. तो आला, ओवी आली. मग मला वाटलं, संपली की तुम्ही बोलावता. एरवी बोलावलं नसतंत."

"तू सांगायचंस, बोलाव म्हणून."

"सांगितलं होतं. दिवाळीनंतर रोज सांगत होते."

मला आठवेना. कदाचित सांगितलं असेल.

"जीव गेला असता तुझा."

"मी बघून करत होते. दोन दिवे राहिले की रॉड बंद. तुम्हीच शिकवलंत, दोनावर मशीन चालतं म्हणून. लाइन रोज येते तशी येईल असं धरलं होतं." मग म्हणाली, "बादली आवडाबाई उचलायची. ती गेल्यावर मीच उचलत होते, यावेळी तोल गेला."

"तिला माहीत होतं?"

"तिने कधी विचारलं नाही. पण चोरीचा आळ आल्यावर ती माझं नाव घेऊ शकली असती. घेतलं नाही." मग तिचे डोळे भरले. "मी तोंड उघडायला हवं होतं त्या दिवशी. उघडलं नाही. ते माझ्यावर राहिलं."

मी तिच्या हातावर हात ठेवला. चिपळूणला जायचंय का, असं विचारलं. माझ्या तोंडून ते निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"नाही हो. मला इथेच राहायचंय. तो इकडे यायला हवा होता, एवढंच."

मुकुल परवापासून इथेच आहे. आवडाबाईने त्याला बूथवरून फोन केला होता. रजा टाकून आलाय. सकाळी चहा घेताना त्याने विचारलं, "काय झालं होतं नेमकं?"

पद्मजा डोळे मिटून पडली होती. जागी होती, मला कळत होतं. मी म्हटलं, "माझं सेटिंग चुकलं. दिवसा लाइनवर चार्जिंग बंद ठेवलं होतं मी. म्हणून बॅटरी संध्याकाळपर्यंत भरायची नाही. यज्ञेशने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुला बोललो ते चुकीचं बोललो."

आयुष्यात पहिल्यांदा खोटं रीडिंग दिलं. अर्थात पूर्ण खोटं नव्हे. सेटिंग चुकलं होतंच.

मुकुलने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाला. "मग ते बदलून घ्या." कपातला चहा संपवून उठला. दाराशी थांबून म्हणाला, "आणि न्हाणीतला तो रॉड फेकून द्या, बाबा. जुना आहे. शॉक बसेल आईला."

रॉडचं त्याला कोणी सांगितलं कळत नाही. शिवाने सांगितलं असेल.

२६ मार्च, सोमवार

पद्मजाला घरी आणलं. यज्ञेश येऊन गेला. आता पेटी दिवसाही लाइन घेईल आणि तीन दिव्यांच्या खाली मशीनखेरीज कोणाला वीज देणार नाही. त्याला सगळं सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. फक्त न्हाणीबाहेरच्या सॉकेटवर मशीनपुरताच बारीक फ्यूज टाकून दिला.

संध्याकाळी खारवीवाड्यात गेलो. शिवा जाळं शिवत होता. मी म्हटलं, शिवा, मी चुकलो. तो म्हणाला, "बसा काका," आणि पाट सरकवला. मग पुन्हा जाळं हातात घेतलं. माफ केलं की नाही, ते कळलं नाही. आवडाबाई आतून म्हणाली, "उद्या येईन. वहिनींसाठी येईन." तेवढ्यावर माझा हक्क होता, तेवढं घेऊन आलो.

२८ मार्च, बुधवार

वाचनालयात गेलो नाही. दुपारभर ओटीवर बसलो. आवडाबाई आत केर काढत होती, पद्मजा तिला कुठल्यातरी लग्नाचं सांगत होती. साडेपाचला पेटी बघितली. पाच दिवे. दोन्ही सिलिंडर भरलेले, एक रुग्णालयाने दिलेला.

पद्मजा म्हणाली, "बघितलेत दिवे?"

"पाच."

"हं," म्हणाली आणि कुशीवर वळली.

मी आत जाऊन फोन लावला. मुकुलनेच उचलला. माझा आवाज ऐकताच त्याचा आवाज बदलला.

"बाबा? काय झालं? सिलिंडर संपला?"

"नाही, भरलेला आहे."

"मग बॅटरी?"

"तीपण भरलेली आहे. लाइनही आहे. सगळं चालू आहे."

पलीकडे मागे ओवी कोणाशीतरी भांडत होती, कोणाचा फोन म्हणून.

"मग कशासाठी केलात?"

रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. मशीनचा आवाज येत होता आणि आतल्या खोलीत पद्मजा कान देऊन पडली होती.

म्हटलं, "उद्या गुरुवार आहे. ये."